अंड्यातल्या पिल्लाला भरवायचं? १८व्या दिवशीच्या सुईबद्दल

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझं पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर शेड आहे, करारावर. आमच्याकडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या डिसेंबरच्या लॉटची गाडी पहाटे पावणेचारला आली, तेव्हा शेजारच्या द्राक्षबागेत मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटलेल्या होत्या. आम्ही पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर संध्याकाळीच लावले होते, घोटीच्या गिरणीतून आणलेलं तूस तीन इंच पसरलं होतं, गुळाचं पाणी कोमट करून भांड्यांत भरून ठेवलं होतं.

बॉक्स उघडले. एका बॉक्समधली पिल्लं टपोऱ्या डोळ्यांची, हात घातला की इकडून तिकडे पळणारी. त्याच्या खालच्या बॉक्समधली मात्र गप्प. पायाच्या नळ्या सुकलेल्या, कातडीखालची शीर उठून दिसत होती. एक उचलून तळव्यावर ठेवलं तर वजनच लागेना. पहिल्या आठवड्यात एकशे दहा पिल्लं गेली. सुपरवायझर म्हणाले ब्रूडिंग कमी पडलं. पण एकाच ब्रूडरखाली, एकाच भांड्यातलं पाणी पिऊन काही पिल्लं तरारली आणि काही मान टाकून गेली, हे मला पटेना.

मग चौकशी केली. कळलं की हॅचरमध्ये, म्हणजे शेवटचे तीन दिवस अंडी ठेवतात त्या यंत्रात, सगळी पिल्लं एका वेळी फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यात चोवीस ते छत्तीस तास जातात. जे आधी फुटलं ते शेवटच्याची वाट बघत उपाशी, तहानलेलं. त्यानंतर निवड, लस, मोजणी, बॉक्स भरणं आणि आठ तासांचा प्रवास. म्हणजे माझ्या दारात आलेलं काही पिल्लू दोन दिवस पाण्याच्या थेंबाविना होतं.

आता प्रश्न. पिल्लू अंड्यात असतानाच त्याला सुईने पोषण देतात असं वाचलं. वाढ चांगली होते, प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात. हे खरं का? देतात काय नक्की? आणि आपल्याकडे कोणी करतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, माझ्यासारखे बरेच जण वाचतील.

गंगाघाट

मी शेतकरी नाही, नाशिकरोडला राहते, घरी आठवड्यातून दोनदा चिकन होतं. अंड्यात सुई म्हटलं की पोटात गोळा येतो. ही हार्मोनची इंजेक्शनं तर नाहीत ना? मुलांना खाऊ घालायचं असतं, म्हणून मनापासून विचारते आहे.

पंखवैद्य

कादवाकाठ दादा, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी पशुवैद्य आहे आणि पदव्युत्तर शिक्षणात माझं काम याच विषयावर होतं, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी गंगाघाट ताईंना. हार्मोन नाही. कोंबडीला वाढीसाठी हार्मोन देत नाहीत. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. अंड्यात देतात त्या गोष्टी म्हणजे साखरेसारखी कर्बोदकं, अमिनो आम्लं, ई आणि सी जीवनसत्त्वं, जस्त, सेलेनियम. पिल्लाला दुसऱ्या दिवशी दाण्यातून जे मिळणार तेच तीन-चार दिवस आधी.

आता गरज का पडते ते बघा. अंडं ही बंद शिदोरी आहे. आईने २१ दिवसांसाठी जे बांधून दिलं तेवढंच. त्या शिदोरीत चरबी आणि प्रथिनं भरपूर, पण कर्बोदकं एक टक्क्यापेक्षाही कमी. पहिले अठरा दिवस गर्भ बलकातल्या चरबीवर चालतो आणि त्याचं छान चालतं. अडचण येते शेवटी. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू चोच आतल्या पडद्यातून रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घालतं, फुप्फुसाने श्वास सुरू करतं, मग कवच फोडतं. ही फार मोठी मेहनत आहे आणि ती करताना प्राणवायू अपुरा असतो. चरबी जाळायला प्राणवायू लागतो, म्हणून त्या वेळी शरीर यकृतात आणि स्नायूत साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर, हात टाकतं. तो साठा तोकडा पडला की छातीच्या स्नायूतलं प्रथिन मोडून साखर बनवतं. ज्या छातीच्या मांसासाठी आपण ब्रॉयलर पाळतो, तीच जन्माआधी झिजायला लागते. आणि बाहेर आल्यावर दाणा-पाणी उशिरा मिळालं तर ही झीज चालूच राहते. तुमच्या खालच्या बॉक्समधली हलकी पिल्लं तिथपर्यंत आलेली असणार.

यावर उपाय शोधला गेला तो पिल्लाच्याच एका सवयीवरून. चोच आत घालण्याआधी, १७-१८व्या दिवसाच्या सुमारास, गर्भ त्याच्या भोवतालचं गर्भजल गिळतो. पांढरा बलक त्या पाण्यात मिसळलेला असतो, तोही त्याबरोबर पोटात जातो. जन्मण्याआधीचं ते त्याचं पहिलं तोंडी जेवण. त्या पाण्यात आपण पोषक द्रावण सोडलं तर पिल्लू ते स्वतः गिळतं आणि आतडं आधीच कामाला लागतं. आतड्याच्या आतल्या बाजूला जी बारीक बोटांसारखी उंचवट्यांची लव असते ती जास्त उंच होते, पाचक विकरं लवकर तयार होतात. इस्रायलच्या झहावा उनी आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचे पीटर फर्केट यांनी ही पद्धत बसवली आणि २००३ साली त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत अमिनो आम्लं देऊन काम झालं, २००५ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. त्यात वाढीबरोबर प्रतिकारशक्तीही तपासली होती.

प्रतिकारशक्तीचा संबंध असा. पिल्लाला आईकडून बलकातून प्रतिपिंडं मिळतात, ती तात्पुरती ढाल. स्वतःचं सैन्य बर्सा, थायमस, प्लीहा या अवयवांत आणि आतड्याच्या भिंतीत तयार होतं. त्याला कच्चा माल लागतो. थ्रिओनिन या अमिनो आम्लातून आतड्याचा बुळबुळीत थर बनतो जो जंतूंना अडवतो. आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल, जस्त, सेलेनियम, ई जीवनसत्त्व यांची पेशींना गरज असते. आतडं लवकर तयार झालं म्हणजे ते सैन्यही लवकर उभं राहतं. प्रतिजैविकांवर बंधनं येत चालली आहेत. युरोपने २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली, आपण २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांसाठी बंद केलं. त्यामुळे पिल्लू मुळातच दणकट निघावं याकडे आता जगभर लक्ष आहे.

सेटर_नंबर_चार

डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितलं, मी हॅचरीतला माणूस, कामाची बाजू सांगतो. बारा वर्षं सेटर (पहिले अठरा दिवस अंडी उबवायचं यंत्र) आणि हॅचर बघतोय.

१८व्या दिवशी आम्ही अंडी सेटरमधून काढून हॅचरमध्ये टाकतो. तोवर ती ३७.५ अंशाच्या आसपास, तासाला एकदा कलती फिरत असतात. हॅचरमध्ये गेली की फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा. काही टोचायचं असेल तर तो एकच दिवस, ट्रे हातात असताना. अमेरिकेत हे यंत्राने होतं. १९८२ साली शर्मा आणि बर्मेस्टर यांनी दाखवलं की मॅरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस १८व्या दिवशी अंड्यातच देता येते, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तसली यंत्रं हॅचऱ्यांत आली. आज तिथली बहुतेक ब्रॉयलर पिल्लं अंड्यातच लस घेऊन बाहेर पडतात. म्हणजे सुई पोचवणारं यंत्र आहेच, त्यातून लस जाते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून पिल्लू निघाल्यावर मानेच्या कातडीखाली लस देतात.

मग पोषण का नाही देत? एक, लसीचं प्रमाण ०.०५ मिलि असतं, पोषणाला साधारण ०.५ ते १ मिलि लागतं. दहा-वीस पट पाणी आत गेलं की धोकाही तितका वाढतो. दोन, साखरेचं द्रावण म्हणजे जंतूंना मेजवानी. सुई दर अंड्यागणिक निर्जंतुक झाली नाही तर एका कुजक्या अंड्यातून अख्खा ट्रे जातो. तीन, ब्रॉयलर पिल्लाचा धंदा पैशांवर चालतो, रुपयांवर नाही. अंड्यामागे खर्च वाढला आणि फुटण्याचं प्रमाण दोन टक्के जरी घसरलं तरी मालक दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करतो.

कादवाकाठ दादांचं म्हणणं मात्र खरं आहे. आधी फुटलेलं पिल्लू वाट बघत सुकतं, हे आम्ही रोज बघतो.

रानवाट

डॉक्टर, मला यावर माझी चूक सांगायची आहे, कारण दुसऱ्या कुणी ती करू नये.

आम्ही दिंडोरी-पेठ रस्त्याला गावरान आणि गिरिराज जातीच्या कोंबड्या पाळतो, बचत गटातल्या सात जणी मिळून. शंभर अंड्यांचं छोटं उबवणी यंत्र आहे. मागच्या उन्हाळ्यात मी एका चित्रफितीत बघितलं आणि वीस अंड्यांना टोचलं. दुकानातून पक्ष्यांच्या पाण्यात टाकायचं जीवनसत्त्वाचं औषध आणलं, ते उकळलेल्या पाण्यात पातळ केलं, इन्शुलिनची सुई वापरली. अंड्याच्या रुंद टोकाला खिळ्याने बारीक भोक पाडलं आणि वरून चिकटपट्टी लावली. मनात एवढंच होतं की आमची पिल्लं पहिल्या पंधरवड्यात मरतात ती मरू नयेत.

२०व्या दिवशी यंत्र उघडलं तर वास आला. वीसपैकी तीनच फुटली. बाकीची फोडली तेव्हा आतली पिल्लं पूर्ण वाढलेली होती, पिसं ओली, चोच मिटलेली. न टोचलेल्या साठांतून पन्नासेक निघाली. त्या दिवशी मी जेवले नाही. गटातल्या बायकांची अंडी होती ती.

पंखवैद्य

रानवाट ताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. तुमचा हेतू चांगला होता, रस्ता चुकला. कुठे चुकला ते सांगतो.

इन्शुलिनची सुई आखूड असते, जेमतेम ८ ते १२ मिलिमीटर. ती हवेच्या पोकळीतच थांबते, फार तर पडद्याला भिडते. गर्भजलापर्यंत जायला साधारण २५ मिलिमीटरची सुई लागते. म्हणजे तुमचं औषध पिल्लाच्या तोंडापर्यंत गेलंच नाही, ते पोकळीत साचलं. आणि नेमकं त्याच पोकळीत पिल्लाला श्वासासाठी चोच घालायची होती. शिवाय पाण्यात टाकायच्या औषधात रंग, विद्रावक, परिरक्षक असतात, ते निर्जंतुक नसतं. खिळा तर नाहीच.

माझीही एक चूक सांगतो. महाविद्यालयात पहिल्या तुकडीला मी ग्लुकोजचं द्रावण दाट केलं, जास्त दिलं तर जास्त फायदा होईल असं वाटलं. दाट द्रावण आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. त्या तुकडीतली निम्मी अंडी फुटलीच नाहीत. पुढच्या वेळी द्रावणाचा दाटपणा शरीरातल्या द्रवाशी जुळवला, द्रावण ३७ अंशांवर कोमट ठेवलं. अंधाऱ्या खोलीत दिव्यावर अंडं धरून हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखायची, रुंद टोक ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, कवचाला बारीक छेद द्यायचा, सुई सरळ खाली. पडदा ओलांडताना बोटाला अगदी हलका धक्का जाणवतो, ताणलेल्या मलमलीतून सुई जावी तसा. मग अर्धा मिलि सावकाश सोडायचं, वितळलेल्या पॅराफिनने भोक बंद करायचं. एका अंड्याला मिनिटभर. दोनशे अंड्यांना आम्ही तिघे दुपारभर बसायचो, कारण अंडी थंड होऊ द्यायची नसतात. म्हणून सांगतो, हे घरच्या यंत्रावर करायचं काम नाही.

तूस_आणि_दाणा

मी सिन्नरचा, तीस वर्षं या धंद्यात, वयाने तुमच्या काकाएवढा. सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे.

अंड्यातल्या पिल्लाला भरवायची जुनी वाट आहे, ती आईच्या पोटातून जाते. मूळ पक्ष्यांचं, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य नीट नसेल तर वरून सुईने दिलेलं अर्धा मिलि काय पुरणार? आमच्या जवळच्या एका मूळ पक्ष्यांच्या शेडवर खाद्यात बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं होतं. अंडी दिसायला ठणठणीत, पण उबवणीत मधल्या दिवसांतच गर्भ मरायचे, आणि जी फुटली त्यांची पायाची बोटं आत वळलेली, पिसं गाठाळ. खाद्याचं मिश्रण बदललं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फरक पडला. मँगनीज कमी पडलं तरी तसंच, पाय आखूड आणि चोच पोपटासारखी.

आणि दुसरं टोक म्हणजे दारात आल्यावरचे पहिले चोवीस तास. माझ्या मते पैसा आणि मेहनत या दोन टोकांना लावावी. मधल्या सुईचं काम संशोधक आणि मोठ्या हॅचऱ्या बघतील.

पंखवैद्य

काका, आईच्या खाद्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण एक गोष्ट सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. आईचं खाद्य उत्तम असलं तरी अंड्यात कर्बोदकं वाढत नाहीत, ती शिदोरी तशीच असते. ब्रॉयलर आता इतका वेगाने वाढतो की त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा अंड्यातच जातो. २१ दिवस आत आणि ३५-४० दिवस बाहेर. एक तृतीयांश काळाकडे आपण पाठ फिरवून कसं चालेल? शिवाय पोलंडमध्ये १२व्या दिवशी हवेच्या पोकळीत प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य) द्यायची पद्धत अभ्यासली आहे. त्याचं प्रमाण थोडं असतं, पिल्लाचा स्वतःचा श्वास तेव्हा सुरू झालेला नसतो, आणि आतड्यातले चांगले जंतू आधीच मूळ धरतात. हॉलंडमध्ये हॅचरमध्येच दाणा-पाणी ठेवायची व्यवस्था काही ठिकाणी आहे. सगळ्या वाटा पोषणाच्या एकाच दरीवरचे पूल आहेत.

तूस_आणि_दाणा

मान्य, डॉक्टर. दरी आहे यात वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की नाशिकच्या शेतकऱ्याच्या हातात आज काय आहे.

सेटर_नंबर_चार

हातात हे आहे: हॅचरीला विचारा की पिल्लं हॅचरमधून कधी काढली. ९५ टक्के पिल्लं कोरडी आणि पाच टक्क्यांची मान अजून ओलसर असताना काढली तर ठीक. सगळी फुलासारखी कोरडी झाली म्हणजे आधी फुटलेली सुकली. बॉक्सवरचा मूळ पक्ष्यांच्या वयाचा शिक्काही बघा. कोवळ्या पक्ष्यांची अंडी लहान, पिल्लं लहान. ती वेगळ्या गार्डमध्ये (ब्रूडरभोवतीच्या गोल कुंपणात) टाका आणि तिथे एक अंश जास्त उष्णता ठेवा. मोठ्यांत मिसळली की भांड्यापर्यंत पोचत नाहीत.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात नवीन लॉट आला, त्याचं सांगतो.

पिल्लं कधी काढली ते आधी फोनवर विचारून घेतलं. गाडीवाल्याला सांगितलं की वाटेत चहाला थांबायचं नाही. छोटी पिल्लं वेगळ्या गार्डमध्ये टाकली, कागदावर दाणा पसरला, भांडी जवळजवळ ठेवली. आणि सुपरवायझरने दिलेल्या तक्त्याप्रमाणे दोन तासांनी, आठ तासांनी, चोवीस तासांनी अन्नपिशवी चाचपली. मी आणि आई बसलो होतो. पिल्लू उचलायचं, मानेच्या बुडाशी अंगठा आणि बोट हलकेच फिरवायचं. दाणा-पाणी दोन्ही गेलं असेल तर भिजवलेल्या वाटाण्यासारखं मऊ लागतं. कडक लागलं तर पाणी मिळालेलं नाही, काहीच लागलं नाही तर ते उपाशी. दोन तासांनी शंभरातली ७५ भरलेली असावीत, चोवीस तासांनी ९५. आमची पहिल्यांदा ६८ भरली. छोट्यांच्या गार्डमध्ये भांडी उंच होती, ती तुसात रुतवली. सकाळी ९६ मोजली. पहिल्या आठवड्याची मर सव्वीस.

हॅचरीच्या लोकांना मी अंड्यातल्या पोषणाबद्दलही विचारलं. नाही म्हणाले, पण ऐकून घेतलं. विचारणारे वाढले तर पुढे काही होईल असं वाटतं.

गंगाघाट

माझी शंका फिटली. आई आणि तुम्ही रात्रभर एकेका पिल्लाची मान चाचपत होता हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला फक्त किलोचा भाव दिसतो.

रानवाट

काकांचं ऐकून मी मूळ कोंबड्यांचं खाणं बदललं. रोज लसूणघास, आठवड्यातून तीनदा दाण्यात कालवलेलं ताक, शिंपल्यांचा चुरा. महिनाभराने त्यांची अंडी ठेवली, सातच्या वर दिवस न झालेली. सुई नाही.

६० अंड्यांपैकी ५४ फळलेली होती. काल २१वा दिवस. ४९ निघाली. पाच उरली, ती फोडून बघितली. तिघांचं वाढणं मध्येच थांबलेलं होतं. दोन पूर्ण भरलेली, पण त्यांची डोकी अरुंद टोकाकडे होती, हवेची पोकळी दुसरीकडे. डॉक्टर, हे कशाने?

पंखवैद्य

ताई, ती दोन अंडी बहुधा अरुंद टोक वर करून ठेवली गेली. डोकं वरच्या बाजूला वळतं आणि पोकळी खाली राहते, मग चोचीला हवा सापडत नाही. ठेवताना रुंद टोक वर आहे ना ते दिव्यावर बघून घ्या. पोकळी जिथे दिसते ते टोक रुंद. लांबट गावरान अंड्यांत नुसत्या डोळ्यांनी फसगत होते.

रानवाट

बरोबर, दोन्ही लांबटच होती. आज संध्याकाळी पुढची ठेवायची आहेत, एकेक दिव्यावर धरून खूण करते.